मथुताईंची फळी

मथुताईंचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. विसरले आहे असं नाही. सासरचं ठाऊक आहे, माहेरचंही ठाऊक आहे. पण ते वाचल्याबरोबर निम्मे वाचक मनातल्या मनात "अच्छा, म्हणजे त्यांच्यातल्या होय!" म्हणून मोकळे होतील. ज्या बाई आयुष्यभर या "अच्छा"शी भांडल्या, त्यांच्यावरच लिहायला बसून मी लोकांची ही सोय करून देणार नाही. तेव्हा मथुताई. अख्खी पेठ त्यांना एवढ्यावरच ओळखत असे.

त्यांचं दुकान होतं लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांचं. फक्त झोपायच्या. नवऱ्याच्या हयातीत तिथे फ्रॉक, गणवेश, टोपडी, दुपटी सगळं मिळायचं. तो गेल्यावर मथुताई गल्ल्यावर बसल्या आणि वर्षभरात त्यांनी दिवसाचे सगळे कपडे विकून संपवले, नवे भरले नाहीत. त्यांचे धाकटे दीर, नाना, दुकानात निम्मे भागीदार. त्यांनी कपाळाला हात लावला. मथुताईंचं म्हणणं साधं होतं. "दिवसा मुलं आईबापांच्या हौसेसाठी कपडे घालतात, भावजी. स्वतःसाठी घालतात ते फक्त रात्री. ते कुणीतरी नीट विकायला नको?"

आमच्या घरांतली रीत तुम्हाला माहीत असेलच. दिवसाचा कपडा विटला की तो "घरात" घालायचा, घरातला उसवला की "झोपायला", आणि झोपायचा फाटला की फरशी पुसायला. म्हणजे पोराच्या अंगावरचा रात्रीचा कपडा आणि फरशीपुसणं यांत एकाच पायरीचं अंतर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नव्हतं. रात्री बघतंय कोण, हा आमचा युक्तिवाद. "पोरगं बघत नसलं तरी त्याला टोचतं," हा मथुताईंचा.

दिसायला ठेंगण्या, रुंद, सुती पाचवारी पदर खोचून नेसलेल्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिंप्याची मोजपट्टी. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच म्हणायच्या. आवाज असा, की रस्त्याच्या पलीकडचा पानवाला आपलं रेडिओचं बटण पिळायचा. आणि एक गंमत सांगते, त्यांना मुलं मुळीच आवडत नसत. "रडतात, शेंबूड पुसतात आणि खोटं बोलतात," असं तोंडावर सांगायच्या, मुलांच्याही आणि आयांच्याही. स्वतःच्या दोन मुली वाढवून सासरी पाठवल्या होत्या, त्यांच्याबद्दलही फार कौतुकाने बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण आवडत नाही म्हणून वाईट कपडा घालावा, हे काही त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणजे आवाज मलाही होता. माझा शिरीष बालवर्गात जायला लागला होता. थंडी पडायला लागली म्हणून मी दुकानात गेले आणि म्हणाले, "पाच वर्षांच्या मुलासाठी पायजमा-सदरा द्या. जरा वाढत्या अंगाचा."

"मूल कुठाय?"

"घरी."

"मग आपणही घरी जा आणि त्याला घेऊन या."

"अहो, त्याला कशाला? वाढत्या अंगाचाच घ्यायचाय. दोन-तीन वर्षं जाईल."

"जाईल ना. पहिली दोन वर्षं पायात अडकून पोरगं पडेल. तिसऱ्या वर्षी तो अंगाला येईल, तेव्हा गुडघ्याला फाटलेला असेल. म्हणजे बाई, अंगाबरोबरचा कपडा त्याने घातला कधी? थंडी त्याला आज वाजतेय. तिसऱ्या वर्षी नाही."

मी तणतणत घरी आले. दुसऱ्या दिवशी शिरीषला घेऊन परत गेले. लक्ष्मी रोडवर दुकानं काय कमी होती? पण पुण्यात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जिथे अपमान होतो तिथला माल चांगला असतो, अशी आमची पक्की समजूत आहे.

मथुताईंनी शिरीषला उचलून काउंटरवर आडवा केला. मी घाबरून पुढे झाले तर म्हणाल्या, "झोपायचे कपडे आहेत ना? मग झोपवूनच माप घेणार. उभं राहून झोपतो का हा?" मग त्यांनी त्याला पोटाशी पाय घ्यायला लावले, कुशीवर वळायला लावलं, हात डोक्यावर टाकायला लावले आणि प्रत्येक वेळी पट्टी लावली. पोरगं गुदगुल्यांनी खिदळत होतं. मथुताई मात्र हसल्या नाहीत. "पाय पोटाशी घेतो. म्हणजे पाठीत कापड जास्त हवं," एवढंच म्हणाल्या. दुकानात आलेल्या इतर बायका हा सोहळा बघत उभ्या होत्या आणि पुढचा नंबर आपल्या कार्ट्याचा, या काळजीत होत्या.

कापडाची पारखही तशीच. ठाण उलगडून त्या डोळे मिटून कापड पापणीवर फिरवायच्या. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. "बोटं कामाने मेलेली असतात. पापणी खोटं बोलत नाही." पापणीला खुपलं की ठाण परत, मग व्यापारी कितीही जुना असो. एकदा चैत्राच्या उन्हात मुंबईचा एक विक्रेता सॅटिनचे नाइट सूट घेऊन आला. गुलाबी, आकाशी, कॉलरला लेस, खिशावर ससा. चमक अशी की नाना गल्ल्यावरून उठून आले. मलमलीपेक्षा स्वस्त आणि दिसायला राजपुत्राचे.

"बाई, पुण्यात सगळीकडे हेच चाललंय," विक्रेता म्हणाला.

"चालू दे. बसा. चहा घ्या." चहा येईपर्यंत मथुताईंनी एक सूट उचलला आणि त्याच्या बाह्या त्या गृहस्थाच्या गळ्याभोवती मफलरसारख्या गुंडाळून गाठ मारली. "चहा संपेपर्यंत ठेवा. मग बोलू."

विक्रेता हसला. अर्ध्या कपात त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहायला लागले. कप संपायच्या आत त्याने गाठ सोडली.

"का सोडलंत? पोराला रात्रभर घालायचंय ना? त्याला तर गाठ सोडता येत नाही."

विक्रेता गेल्यावर नाना मान हलवत म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक घाम विकत घेत नाही, चमक विकत घेतं."

"झोपेत चमकून पोराने कुणाला दाखवायचंय?" मथुताई म्हणाल्या आणि स्वतःचा चहा बशीत ओतला.

आता किमतीचं. मथुताईंचा कपडा महाग होता, उगाच खोटं कशाला सांगू. आणि वाढत्या अंगाचा देणार नाहीत म्हटल्यावर दर वर्षी नवा घेणं आमच्यासारख्या पगारदारांना परवडणार कसं? त्यावर त्यांनी एक रीत काढली होती. लहान झालेला कपडा परत आणून द्यायचा आणि पुढच्या मापाचा निम्म्या किमतीत न्यायचा. आणलेला कपडा त्या मागच्या अंगणात सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवायच्या, उसवलेलं शिवायच्या, इस्त्री करायच्या आणि दुकानाच्या गल्लीकडच्या भिंतीला एक लांब फळी होती, तिच्यावर ठेवायच्या. त्या फळीवरचा कपडा ज्याला हवा त्याने न्यावा. तान्ह्या बाळासाठी नेला तर पैसे घेत नसत.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. बारशापर्यंत तरी जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालायचं. पण ते जुनं घरातलं असतं. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर. परक्या घरचं नाही. मथुताईंच्या फळीवर मात्र सगळ्या पुण्याचं जुनं एकत्र येत होतं, आणि हे सुरू झालं पानशेतच्या पुरात.

त्या वर्षी धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मथुताईंचं दुकान जरा उंचावर होतं, ते वाचलं. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेली माणसं, कडेवर भिजलेली पोरं घेऊन रस्त्यावर उभी होती. मथुताईंनी दुकान उघडून होतं नव्हतं ते वाटलं. ते संपल्यावर शेजारपाजारच्या घरांतून मुलांचे जुने कपडे मागून आणले. तेव्हा नाना स्वतः डोक्यावर गाठोडी घेऊन हिंडत होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचंय. त्या ढिगातून पेठेतल्या वकिलांच्या आईनेही आपल्या नातीसाठी झबली नेली आणि आमच्या भागात रस्ता झाडणाऱ्या सखूबाईनेही आपल्या लेकीसाठी नेली. कुणाचं कुणाकडे जातंय हे कुणी विचारलं नाही. मग पाणी ओसरलं आणि चिखलाबरोबर आडनावंही वर आली. मथुताईंचा ढीग तेवढा फळीवर चढून तसाच राहिला.

या फळीचा नियम एकच. कपडा कुणाच्या घरून आला हे मथुताई सांगणार नाहीत. "धुतलेल्या कपड्याला आडनाव नसतं," असं त्या म्हणत. हे फक्त आमच्या पेठेतल्या सोवळ्या बायकांना सुनावलं जायचं असं समजू नका. सखूबाई एकदा लेकीचं झबलं परत करायला आली होती. ते घट्ट धरून ठेवून म्हणाली, "ताई, माज्या पोरीचं झबलं कुनाच्या घरी जातंय त्ये मलाबी कळू द्या की. कुना दारूबाजाच्या घरी जायाचं आसंल तर म्या न्हाई देनार. लई गुनाची हाय माजी पोर."

"नाही सांगणार."

"आवो पन..."

"सखूबाई, तुला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागेल."

सखूबाईने थोडा वेळ विचार केला. मग झबलं काउंटरवर ठेवून म्हणाली, "बरं, न्हाई इचारत. पन उकळून देवा. माज्या पोरीला खोकला हुता." आणि गेली. त्या दिवशी मथुताईंना मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं.

मग वकिलांच्या आईंना नातू झाला. पुरातली नात नव्हे, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला नातू. आजीबाई पाचवीच्या आधी स्वतः दुकानात आल्या. मी त्या वेळी काउंटरच्या टोकाला बसले होते. मला शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायची सवयच लागली होती. आजीबाईंनी फळीवरून एक पांढरं झबलं उचललं, गालाला लावलं, खूश झाल्या. आणि विचारलं, "हे कुणाकडचं हो?"

"एका मुलाचं."

"ते कळलं. पण कुठल्या?"

"जे आता मोठं झालंय."

आजीबाई हसल्या नाहीत. "मथुताई, थट्टा पुरे. घरात देवधर्म आहे. कुणाच्या अंगावरचं आहे हे नको का कळायला?"

"अंगावरचं काही त्यात उरलेलं नाही. सोड्यात उकळलंय, उन्हात वाळवलंय."

"मग सांगायला काय हरकत आहे?"

"पुराच्या वर्षी नेलंत तेव्हा विचारलं नव्हतंत," मथुताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

आजीबाईंनी झबलं दोन बोटांनी परत ठेवलं आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. पुण्यात बहिष्काराची दवंडी पिटत नाहीत. नुसतं विचारतात, "अजून तिथूनच आणता का?" या एका प्रश्नावर संक्रांतीपर्यंत निम्मं गिऱ्हाईक तुटलं. ओळखीच्या बायका समोरच्या फुटपाथवरून जायला लागल्या. ज्यांना जाताना तोंड चुकवणं जमलं नाही त्या "सध्या आहेत हो भरपूर" म्हणून पुढे सटकायच्या. मला त्यांचा इतका संताप यायचा की मी दोघीतिघींशी बोलणंच टाकलं, आणि ते अजूनही टाकलेलंच आहे.

नाना रात्र रात्र जागत होते म्हणे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाकडून वाईट काम फार पटकन होतं. एका संध्याकाळी माझ्यासमोरच ते म्हणाले, "वहिनी, एक सुचवू का? फळी बंद करू नका. नुसत्या दोन करा. वरच्या फळीवर आपल्याकडच्या घरांतले कपडे. खालच्या फळीवर बाकीचे. पाटी लावायची नाही, काही बोलायचं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. कुणाचं मन दुखणार नाही."

"कुणाचं नाही?"

"म्हणजे... अहो, मी जातपात मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं ना!"

"गिऱ्हाईकाने गिऱ्हाईकाच्या घरी मानावी. फळी माझी आहे."

"आणि दुकान? दुकान निम्मं माझं आहे, वहिनी. दुकान बंद पडलं तर फळी कुठे लावाल?"

मथुताई फळीवरच्या झबल्यांच्या घड्या नीट करत राहिल्या. मला वाटलं, त्या विचार करतायत. वाटण्यासारखंच होतं. विधवा बाई, मुली सासरी, दुकानाशिवाय दुसरं काही नाही. आणि मागणं तरी केवढंसं, एक लाकडी फळी वाढवायची. मोठ्या मोठ्या माणसांनी याहून मोठ्या गोष्टी याहून कमी धाकाने सोडल्याचं मी पाहिलंय.

सोमवारी दुकान बंद असायचं. त्या सोमवारी नानांनी सुतार बोलावून जुन्या फळीच्या वर दुसरी फळी ठोकून घेतली आणि कपडे स्वतःच्या हाताने निवडून लावलेसुद्धा. मंगळवारी सकाळी शाळेत जाताना मी दुकानाशी थबकले, कारण आतून हातोड्याचा आवाज येत होता. मथुताई स्टुलावर चढून नव्या फळीचे खिळे उपटत होत्या. पदर कमरेला, तोंडात खिळे. खाली नाना दोन्ही हात वर करून उभे होते. त्या पडतील म्हणून की फळी पडेल म्हणून, कुणास ठाऊक.

"वहिनी, लोक बघतायत."

मथुताईंनी तोंडातले खिळे हातावर घेतले. "बघू देत. लावताना बंद दाराआड लावलीत. काढताना उघड्यावर काढतेय. आणि भावजी, एक विचारते. निवडलंत कसं? कुठलं कुणाचं हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. कशावरून ठरवलंत? वास घेऊन?"

नानांचा चेहरा उतरला. विटलेले, ठिगळाचे खाली आणि पांढरेशुभ्र वर, असं त्यांनी लावलं होतं. त्यातला एक ठिगळाचा सदरा माझ्या शिरीषचा होता, तो खालच्या फळीवर पडला होता. मी तो हातात धरून नानांना दाखवला. मुख्याध्यापिकाबाईंनी त्या दिवशी उशिराबद्दल मला ऐकवलं, तेही गोड मानून घेतलं.

त्यानंतर वाटणी झाली. कोर्टकचेरी नाही, आरडाओरडा नाही. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालायची ठरलं. एका भागाला रस्त्याचं तोंड, काचेचं कपाट, पाटी. दुसऱ्या भागाला गल्लीकडचं दार, जिथून मोरीचं पाणी वाहायचं. मथुताई थोरल्या. पहिली निवड त्यांची. सगळ्यांनी धरून चाललेलं, की त्या रस्त्याकडचा भाग घेणार.

"फळी ज्या भिंतीला आहे ती बाजू माझी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, फळी काढून इकडे लावता येईल. सुतार देतो," नाना कळवळून म्हणाले. खरंच कळवळून.

"तुमचा सुतार पाहिलाय मी."

भिंत उभी राहिली. प्लायवूड कमी पडलं म्हणून ती छतापर्यंत गेलीच नाही, माणसाच्या डोक्याइतकीच झाली, वर मोकळी राहिली. रस्त्याच्या बाजूला नानांचं नवं दुकान सजलं. काचेमागे सॅटिनचे सूट, लेसचे गाऊन, रात्रीही जळणारा दिवा. चालायलाही चांगलं लागलं. गल्लीच्या बाजूला मथुताई मोरीवर फरशी टाकून बसल्या. काही दिवस कुणी आलं नाही. आम्ही दोघी नुसत्या बसायचो. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, रस्त्याचं तोंड गेलं हो. वाईट वाटतं मला."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "मलाही वाटतं. पण दुकानाचे दोन भाग झाले तर दुकान छोटं होतं. फळीचे झाले असते तर मी छोटी झाले असते. एवढं जाड शरीर घेऊन ते मला झेपलं नसतं."

गिऱ्हाईक हळूहळू परतलं. सगळं नाही, पोटापुरतं. ज्यांच्या पोरांना घामोळं आलं ते आले, ज्यांना वकिलांच्या आईशी घेणंदेणं नव्हतं ते आले, सखूबाईच्या वस्तीतल्या बायका आल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाळंतिणींना परस्पर पाठवायच्या. भाव तोच, माप झोपवूनच, आणि वाढत्या अंगाचं मागणाऱ्याला गल्लीतून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर. त्यांचा स्वभाव सुधारला, असं काही मी सांगणार नाही. उलट बिघडला. एका आजोबांना त्यांनी "नातवाला मोठा सदरा देता, मग स्वतः का नाही मोठं धोतर नेसत?" असं विचारलं होतं, आणि ते बिचारे काही वाईट बोललेही नव्हते.

आम्ही विश्रांतवाडीला घर घेतलं आणि पेठ सुटली. तिकडून बस बदलत यायचं म्हणजे दिवस जायचा. मग वर्षातून एकदोनदाच जाणं व्हायचं. शेवटचं गेले ते वैशाखात. मथुताई बऱ्याच थकल्या होत्या, गुडघे धरले होते, स्टुलावर चढणं बंद झालं होतं. फळी मात्र भरलेली होती. मी जाऊन बसते तोच दारात एक तरुण मुलगी आली, कडेवर रडून रडून लाल झालेली तान्ही. नानांची सून, माधवी. माहेरचं बाळंतपण आटोपून तीन महिन्यांची लेक घेऊन नुकतीच सासरी आली होती. बाळाच्या अंगात नानांच्या दुकानातला सॅटिनचा गाऊन होता, गुलाबी, गळ्याशी लेस.

"काकू," माधवी म्हणाली, "हिला बघा ना."

मथुताईंनी गाऊन वर केला. मान, काखा, पोट, सगळीकडे घामोळं. लेसने गळ्याशी लाल वळ उठला होता. त्यांनी बाळाला काउंटरवर आडवं केलं आणि गाऊन काढून बाजूला ठेवला. बाळाचं रडणं जरा उतरलं.

प्लायवूडला कान असतात. पलीकडून नानांचा आवाज आला, "माधवी? तिकडे काय करतेस?"

"झबलं घेतेय, मामंजी. फळीवरचं."

मग नाना हळू आवाजात म्हणाले, "घे. पण... कुणाकडचं आहे ते तेवढं विचारून घे."

माधवीने मथुताईंकडे पाहिलं. मथुताईंनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "भावजी, तिला कशाला पुढे करता? तुम्हाला कळायला हवं असेल तर तुम्ही विचारा. मी उत्तर देणार नाही, पण विचारा. गल्ली ऐकतेय."

नानांनी विचारलं नाही. माधवी फळीपाशी गेली आणि तिने चाचपून चाचपून एक झबलं काढलं. मलमलीचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, हाताशी निळ्या दोऱ्याने शिवलेलं. मी ते ओळखलं. मथुताईंना ते उकळताना मी पाहिलं होतं आणि कुणी आणून दिलं होतं तेही पाहिलं होतं. माधवीने माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, हे चांगलंय ना?" मी म्हटलं, "उत्तम आहे." कुणाचं होतं ते मी तिला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

मथुताईंनी बाळाचे हात एकेक करून झबल्याच्या बाह्यांत घातले. बाळाने पाय पोटाशी घेतले, एक जांभई दिली आणि ते गप्प झालं. मग मथुताईंनी तो गुलाबी गाऊन उचलला, त्याची नीट घडी केली, आणि काउंटरला टेकून उभ्या राहून हात उंच करून प्लायवूडच्या वरच्या मोकळ्या जागेत धरला.

"भावजी, हे तुमचं. घ्या."

पलीकडून कुणी घेईना. मथुताईंनी हात खाली घेतला नाही. मी उठायला लागले तर त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं. शेवटी पलीकडून नानांची बोटं वर आली, त्यांनी गाऊन धरला आणि भिंतीमागे खाली नेला. मथुताई मान खाली घालून झबल्याचे बंद बांधत होत्या.